दोन आणि वीस : किरणोत्सर्गाच्या मापांचा हिशेब

मजुरीचा दर वेगळा आणि मजुरीची रक्कम वेगळी, हे मावळातल्या कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. दर तासाचा असतो. त्याला तासांनी गुणले म्हणजे रक्कम निघते. एवढे ज्याला कळते त्याला किरणोत्सर्गाच्या मात्रेचे गणितही कळलेच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. हे गणित आम्ही गरजेपोटी शिकलो. व्याख्यानात फळ्यावर जे मांडले, तेच येथे लिहून काढले आहे.

विषय लोणावळ्याला परका नाही. येथील आय. एन. एस. शिवाजी या नौदलाच्या केंद्रात अणू, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांपासून बचाव शिकविणारी ‘अभेद्य’ ही शाळा २०१९ साली सुरू झाली. पण कामगाराची या किरणांशी गाठ पडते ती बहुधा वेल्डिंगच्या कामावर. जाड पोलादाचा सांधा आतून पोकळ राहिला आहे काय, हे पाहण्यासाठी इरिडियमचे गॅमा किरण सांध्यातून आरपार सोडून पलीकडे फिल्म घेतात.

अशाच एका कामावरील हेल्पर आमच्याकडे तक्रार घेऊन आले होते. ठेकेदाराच्या माणसाने त्यांना सांगितले होते, “मर्यादा वीसची आहे, काटा दोनवर आहे. मग भिता कशाला?” उत्तर ऐकायला चोख होते. पण दोन कशाचे आणि वीस कशाचे, हे कोणी विचारले नव्हते.

काटा होता तासाला मिलिरॉन्टजेन दाखविणारा. मर्यादा होती वर्षाला मिलिसीव्हर्टची. पहिला दर, दुसरी रक्कम. शिवाय मापेही निराळी. शेर आणि किलो यांची अशी तुलना बाजारात कोणी ऐकून घेतली नसती.

आता मापे पाहू. एक किलो पदार्थाने किरणांची एक ज्यूल ऊर्जा शोषली म्हणजे शोषित मात्रा एक ग्रे झाली. शंभर ग्रॅमचे फळ एक मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच ही. पण साऱ्या शरीराला एकदम चार-पाच ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. ग्रेचे माप १९७५ साली आले. त्याआधी १९५३ पासून रॅड हे माप चालत असे. १०० रॅड म्हणजे १ ग्रे.

शरीराला होणारा अपाय किरणांच्या जातीवरही अवलंबून असतो, म्हणून सीव्हर्ट हे दुसरे माप आहे. त्याचे जुने भावंड रेम. १०० रेम म्हणजे १ सीव्हर्ट. गॅमा किरणांपुरते ग्रे आणि सीव्हर्ट यांचे आकडे सारखेच धरतात. रॉन्टजेन हे हवेतील परिणामाचे सर्वांत जुने माप. गॅमा किरणांसाठी १ मिलिरॉन्टजेन म्हणजे १० मायक्रोसीव्हर्टपेक्षा किंचित कमी. सावधपणे १० धरावेत. आणि १,००० मायक्रो म्हणजे १ मिलि. येथे गफलत झाली तर चूक हजारपटीची होते.

आता त्या काट्याचा हिशेब करू :

तासाला २ मिलिरॉन्टजेन म्हणजे तासाला २० मायक्रोसीव्हर्ट.
रोज ८ तास, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे २,००० तास.
२० गुणिले २,००० म्हणजे ४०,००० मायक्रोसीव्हर्ट, म्हणजेच ४० मिलिसीव्हर्ट.

अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्या कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. म्हणजे जो काटा मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आहे असे सांगितले गेले, तो वर्षभर तसाच राहता तर मर्यादेच्या दुप्पट मात्रा देता! आणि हेल्पर तर त्या वर्गातलेही नव्हते. सामान्य माणसाची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. ती तेथे ५० तासांत, म्हणजे सहा पाळ्या आणि वर दोन तासांत संपते.

इरिडियम दिवसभर उघडे नसते, हे खरे. म्हणूनच ते किती वेळ उघडे होते, याची नोंद हवी. २० क्युरीचे इरिडियम आडोशाशिवाय उघडे असेल, तर एक मीटरवर तासाला सुमारे १०० मिलिसीव्हर्ट मात्रा पडते. वर्षाचे २० मिलिसीव्हर्ट तेथे १२ मिनिटांत भरतात. दहा मीटरवर हाच दर शंभरावा हिस्सा, म्हणजे तासाला १ मिलिसीव्हर्ट होतो; कारण अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते. दूर उभे राहायला पैसे पडत नाहीत. परंतु किती दूर, हे दोरी बांधून दाखवावे लागते, आणि ती दोरी मालकाने बांधायची असते.

कामगार बंधूंनी आकडा ऐकला की तीन प्रश्न विचारावेत : माप कोणते? मिलि की मायक्रो? तासाला की वर्षाला? उत्तर मिळेपर्यंत दोरीच्या आत जाऊ नये. हप्त्याची पावती न वाचता आपण अंगठा देत नाही. मग ज्या मात्रेचा भार आपल्या शरीरावर पडणार आहे, तिचा आकडा न वाचता कसा मान्य करावा?