रबराचें बळ आणि भाल्याचा वेग

झाडाचें दुबेळकें, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणि चामड्याचा एक तुकडा एवढ्या सामग्रीवर जें हत्यार तयार होतें त्याला कोठें गलोल म्हणतात, तर कोठें बेचकी. वर्ध्याच्या वायव्येस, आर्वीच्या रस्त्यावर, धाम नदीच्या कांठीं आंजी (मोठी) हें गांव आहे. तेथल्या, किंवा महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवच्या, मुलाला बेचकीचें शास्त्र कोणी शिकवीत नाहीं. तरीपण पट्टी फार रुंद कापली तर ती ओढवत नाहीं, फार लांब ठेवली तर खडा जवळच पडतो, आणि फार आंखूड कापली तर ती ऐन वेळीं तुटून तोंडावर येते, हें ज्ञान त्याला दोन दिवसांत अनुभवानें होतें. या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याला पाण्याखालच्या एका नव्या हत्याराचें रहस्य समजावयास फारसा वेळ लागणार नाहीं.

तें हत्यार म्हणजे मासे मारण्याची भाल्याची बंदूक. तींत दारू नसते, गोळीहि नसते. लाकडाचा किंवा धातूचा एक लांब दांडा, त्यावर ठेवलेला पोलादी भाला, दांड्याच्या तोंडाशीं ओवलेला रबरी पट्टा आणि मागें दस्त्याजवळ चाप, एवढीच तिची रचना. पट्टा ताणून भाल्याच्या खांचेंत अडकवावयाचा आणि चाप ओढला कीं रबर आंखडून भाल्याला पुढें फेकतें. पाण्यांत श्वास रोखून बुडी मारावयाची व भाल्यानें मासा टिपावयाचा हा उद्योग फार पुरातन आहे. परंतु त्याला खेळाचें आधुनिक रूप आलें तें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, १९३० नंतरच्या दशकांत. गाय गिलपॅट्रिक या अमेरिकन लेखकानें तेथल्या अनुभवांवर लिहिलेलें पुस्तक १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९४७ मध्यें मार्सेय येथील जॉर्ज ब्यूशा यांनीं ‘टार्झन’ नांवाची रबरी पट्ट्याची बंदूक बाजारांत आणली. आज अशा बंदुका जगभर वापरल्या जातात.

नवशिक्याची पहिली समजूत अशी असते कीं, जितकें रबर जास्त तितका भाला लांब जाणार. ही समजूत जमिनीवर अर्धवट खरी आहे. पाण्यांत ती फसवी ठरते. पाणी हवेच्या सुमारें ८०० पट दाट आहे, आणि त्यांतून जाणाऱ्या वस्तूचा वेग दुप्पट झाला कीं पाण्याचा विरोध चौपट होतो. शिवाय वस्तूला दुप्पट वेग द्यावयाचा तर शक्तिहि चौपट खर्चावी लागते. म्हणून एका पट्ट्याच्या जागीं तसेच दोन पट्टे लावले तरी वेग दुप्पट होत नाहीं. हिशेबानें तो फार तर १.४ पट होतो, आणि त्यांतलाहि कांहीं भाग पाणी पहिल्या एकदोन मीटरांतच खाऊन टाकतें. शिकाऱ्याच्या हाताला मात्र दुप्पट श्रम पडतात व दुप्पट धक्का बसतो. तेव्हां बळ वाढविण्याआधीं तें कोणत्या भाल्याला व किती अंतरासाठीं द्यावयाचें हें ठरविलें पाहिजे.

यासाठीं रबराचा स्वभाव जाणणें अगत्याचें आहे. ताणलेलें रबर किंचित् तापतें. ही गोष्ट जॉन गॉफ या इंग्रज संशोधकानें १८०५ सालीं नोंदविली आणि पुढें १८५९ मध्यें जूल यानें ती मोजून पाहिली. रुंद रबरी फीत एकदम ताणून ओंठांस लावली तर कोणासहि हें घरबसल्या अनुभवतां येईल. रबराला दिलेलें सर्व काम तें परत करीत नाहीं. त्यांतील कांहीं उष्णतेच्या रूपानें वायां जातें. तसेंच बराच वेळ ताणून ठेवलेलें रबर हळूहळू सैल पडतें. दुसरी गोष्ट अशी कीं, रबराची ओढ ताणाबरोबर सारखी वाढत नाहीं. आरंभीं ती भरभर वाढते, मध्यें संथ होते, आणि मूळ लांबीच्या चौपटीपलीकडे गेली कीं पुन्हां एकाएकीं कडक होते. त्या शेवटच्या टप्प्यांत हाताला श्रम फार पडतात, पट्ट्याचें आयुष्य घटतें, आणि भाल्याच्या पदरांत त्या मानानें थोडेंच पडतें. म्हणून पट्टा मूळ लांबीच्या तिप्पट ते साडेतीनपट ताणला जावा, हें प्रमाण सामान्यतः हितावह असतें.

पट्टा दिसावयास नळीसारखा असतो. आंत बारीक पोकळी आणि भोंवतीं जाड रबर. तो त्याच्या जाडीवरून ओळखतात: १४, १६, १८, २० मिलिमीटर. हे आंकडे ऐकतांना जवळचे वाटतात, परंतु ओढ जाडीवर अवलंबून नसून छेदाच्या क्षेत्रफळावर असते. आंतील पोकळी ३ मिलिमीटर धरली तर १४ च्या पट्ट्यांत सुमारें १४७ चौरस मिलिमीटर रबर असतें, १६ च्या पट्ट्यांत १९४, आणि २० च्या पट्ट्यांत ३०७. म्हणजे १४ वरून १६ वर जातांना जाडी दोनच मिलिमीटर वाढते, पण ओढ जवळजवळ एकतृतीयांशानें वाढते. याच हिशेबांतून एक सोयीची युक्ति निघते. १४ चे दोन पट्टे मिळून २९४ होतात, म्हणजे २० च्या एका पट्ट्याच्या जवळपासच. पण ते एकामागून एक ताणतां येत असल्यामुळें एका वेळीं निम्मेंच बळ लागतें. शिवाय जवळच्या माशासाठीं त्यांपैकीं एकच अडकवून काम भागतें. ज्याचे हात पुरेसे तयार नाहींत त्यानें जाड पट्ट्याच्या मोहांत न पडतां हा मार्ग धरावा.

लांबीचा हिशेब त्याहूनहि सोपा आहे. बंदुकीच्या तोंडावरील भोंकापासून भाल्याच्या खांचेपर्यंतचें अंतर मोजावें. पट्ट्याचीं दोन टोकें जोडणारी जी लहान कडी असते तिची लांबी त्यांतून वजा करावी. उरलेलें अंतर समजा १०० सेंटिमीटर भरलें. पट्टा भोंकांतून ओवून दोन्ही बाजूंनीं मागें यावयाचा, म्हणून त्याची दुप्पट, म्हणजे २०० सेंटिमीटर. तिप्पट ताण हवा असेल तर पट्टा सुमारें ६७ सेंटिमीटर घ्यावा. साडेतीनपट हवा असेल तर ५७. गांठीसाठीं प्रत्येक टोकास दोनेक सेंटिमीटर अधिक ठेवावे. कापतांना घाई करूं नये. लांब पट्टा आंखूड करतां येतो, आंखूड लांब करतां येत नाहीं.

आतां भाल्याचा विचार. एक मीटर लांबीचा ६.५ मिलिमीटर जाडीचा पोलादी भाला सुमारें २६० ग्रॅम भरतो, तर ८ मिलिमीटरचा ३९० ग्रॅम. हलका भाला चटकन् सुटतो. जड भाला सावकाश सुटतो, पण पाण्यांत आपला वेग अधिक काळ टिकवितो. हलक्या भाल्यावर फार बळकट रबर लावलें कीं सुटतांना तो धनुष्यासारखा वांकतो, लहरत जातो आणि नेम चुकतो. तोच धक्का उलट दिशेनें मनगटावर येतो, बंदुकीचें तोंड वर उचललें जातें आणि भाला माशाच्या पाठीवरून निघून जातो. अशा वेळीं शिकारी आणखी रबर लावावयास निघतो. वास्तविक उपाय अगदीं उलट असतो.

पट्टा बसवितांना दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. एक बाजू आंखूड असली तर भाला तिकडे ओढला जातो. कडीची दोरी मण्यासह नळीच्या टोकांत घालून बाहेरून बारीक, चिवट दोऱ्यानें मण्याच्या पुढें घट्ट आवळावी. आवळणारा दोरा धारदार असतां कामा नये, नाहींतर तोच रबर कापतो. कडी धातूची असल्यास तिला धार आलेली नाहीं ना, हें बोटानें तपासावें. नंतर पाण्यांत तीन मीटरवर एखादें लक्ष्य ठेवून पांचसात वेळां भाला सोडून पाहावा, आणि बदल करावयाचा तो एका वेळीं एकच करावा. भाला, पट्टा आणि लांबी हीं तिन्ही एकदम बदललीं तर दोष कशाचा होता हें कधींच कळत नाहीं.

या हत्याराशीं खेळ करणें प्राणघातक आहे. बंदूक ताणावी ती पाण्यांतच, आणि पाण्याबाहेर येण्यापूर्वीं पट्टे हातानें एकेक करून उतरवावेत. हवेंत सुटलेल्या भाल्याला अडवावयास पाणी नसतें; तो कोठें जाईल, अथवा दोरीला हिसका बसून उलट कसा येईल, याचा नेम नाहीं. ताणतांना दस्ता छातीवरील जाड गादीला टेकवावा, दोन्ही हातांनीं सारखें ओढावें आणि तोंड कोणाही माणसाकडे होऊं देऊं नये. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची शुद्ध पाण्यांत अचानक हरपूं शकते. म्हणून एकट्यानें कधींहि उतरूं नये, वर एक सोबती पाहत असलाच पाहिजे.

काम झाल्यावर पट्टे गोड्या पाण्यानें धुवावे, सावलींत वाळवावे आणि मोकळे, न ताणतां ठेवावे. ऊन, तेल व पेट्रोल हे रबराचे वैरी आहेत. तोंडाजवळ आणि गांठीजवळ बारीक आडव्या भेगा दिसल्या कीं पट्टा बदलावा.

शेवटीं, किती अंतरासाठीं बळ हवें हें पाणीच ठरवितें. स्वच्छ समुद्रांत दहा मीटरवरचें दिसतें. पावसाळ्यांतील धाम नदीच्या गढूळ पाण्यांत हातभर पुढचेंहि दिसत नाहीं, आणि तेथें भोई-ढीवरांचें जाळें व गळ हींच योग्य साधनें. ज्या पाण्यांत तीन मीटरपलीकडचें ओळखूं येत नाहीं, तेथें पांच मीटर मारणारी बंदूक म्हणजे न पाहतां केलेला वार होय. अविचारी साधनांना कायद्यानें पूर्वींच आळा घातला आहे: १८९७ च्या कायद्यानें सुरुंग व विष यांनीं मासे मारण्यास बंदी केली. मालवणचा समुद्र १९८७ मध्यें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. फ्रान्स व इटली या देशांत पाठीवर हवेची टांकी घेऊन भाल्यानें मासे मारावयास मनाई आहे. जेथें उतरावयाचें तेथील नियम आधीं विचारून घेणें हें शिकाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. जाळ्यांत आलेला नको असलेला मासा जिवंत सोडतां येतो. भाल्याचा घाव परत घेतां येत नाहीं. म्हणून जेथपर्यंत मासा स्पष्ट ओळखूं येतो तेथपर्यंतच भाला पोंचविणारें रबर निवडावें.