परमुलखातील परसबाग

पेडणे तालुक्यातील हरमलची मिरची भाताची कापणी झाल्यावर वायंगणात, म्हणजे हिवाळी हंगामात, लावतात. पाऊस सरलेला, भुईत ओल राहिलेली आणि पुढे कित्येक महिने ऊन हमखास, हे तिचे पंचांग. डिचोलीकडच्या परसातील वांगी आणि वालही त्याच पंचांगाने चालतात. विलायतेस जाणाऱ्या कुटुंबाच्या सामानाबरोबर हे पंचांगही जाते, आणि पहिला मळा बहुधा तेथेच फसतो.

इंग्लंडातील स्विंडन शहरी गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. घरामागे जागा नसली तरी तेथे भाजी करता येते. कारण मागणी असल्यास त्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने द्यावेत, असे बंधन १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर घातले आहे. पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरांचा. नवख्याने अर्धाच घ्यावा.

जमीन मिळाली, तरी ऊन आपले नसते. मेच्या मध्यापर्यंत तेथे रात्री दंव गोठण्याचे भय. म्हणून मिरचीचे बी फेब्रुवारी-मार्चात घरातच, उबदार खिडकीपाशी रुजवावे. रोप जूनमध्ये बाहेर काढावे. तांबडी भाजीही जूनपूर्वी पेरू नये. भेंडीला काचघराचाच आश्रय हवा.

वालाची गोष्ट याहून चमत्कारिक. वेल मांडव झाकून टाकतो, पण फुलाचा पत्ता नाही. मग खताला दोष, बियाला दोष, क्वचित शेजारणीच्या दृष्टीलाही! वस्तुतः दोष दिवसाचा. गावठी वाल दिवस आखूड होऊ लागल्यावरच फुलतो. पेडण्यात जूनचा दिवस सुमारे १३ तासांचा, स्विंडनला साडेसोळांचा. तेथे कळी धरते तोवर थंडी दाराशी येते. त्या मांडवावर तिकडचा लाल फुलांचा घेवडा चढवावा. उन्हाळा थंड असला तरी तो लगडतो, आणि खोबरे घातलेल्या भाजीत त्याच्या कोवळ्या शेंगा फारशा परक्या वाटत नाहीत.

मिरचीचे बी गावाहून नेण्याचा मोह आवरावा. बियाबरोबर रोगही प्रवास करतात. म्हणून रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्रावाचून ते नेता येत नाही. हे जिवावर येते खरे. पण मिरची तरी मूळची कोठली? पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्यात उतरली, ती अमेरिकेची.

लसूण तेवढा दोन्ही पंचांगांत बसतो. आपल्याकडे तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात; स्विंडनलाही तेव्हाच.