जंतूंच्या वाफ्यातली खुरपणी



वासरू खोकू लागले, धापा टाकू लागले, की आपण म्हणतो, ‘छातीला धरलंय.’ पण कोणत्या जंतूने धरले, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून नाकातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे मांसाचा अर्क आणि अगर, म्हणजे आपले चायना ग्रास, थाळीत थिजवलेले असते. हा जंतूंचा वाफा.

अडचण अशी, की जनावराच्या नाकात निरुपद्रवी जंतूही पुष्कळ नांदत असतात. ते रातोरात थाळी व्यापतात. पिकाआधी तण माजावे, तसेच हे. ज्याला शोधायचे तो मायकोप्लाझ्मा मात्र कित्येक दिवसांनी दिसू लागतो. गुरांच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाचा हा जंतू १८९८ साली फ्रान्समध्ये नोकार, रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वाढवला.

मग खुरपणी कशी करायची? फ्लेमिंग यांनी १९२९ सालच्या आपल्या लेखातच सुचवले होते, की पेनिसिलिनने नको ते जंतू दडपून हवा तो वेगळा काढता येतो. पेनिसिलिन जंतूभोवतीची भिंत बांधू देत नाही. मायकोप्लाझ्माला तर भिंतच नाही! तेव्हा पेनिसिलिन घातलेल्या थाळीत इतर अनेक जंतू मरतात, हा तगतो. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी थॅलियम ॲसिटेट हे विष बेताने घालतात. १९४७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड यांनी या दोहोंचे माध्यम वर्णिले. शिवाय या जंतूला कोलेस्टेरॉल लागते. त्यासाठी घोड्याच्या रक्तातली लस, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचे पाणी, मिसळतात. तण उपटायचे आणि पिकाला खत द्यायचे, दोन्ही कामे एकाच थाळीत होतात. पुढे भिंगाखाली तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखे इवले ठिपके दिसतात.

यात आपल्या कामाचे काय? ज्या पेनिसिलिनात हा जंतू थाळीत सुखाने वाढतो, त्याच पेनिसिलिनाने तो जनावराच्या छातीत कसा मरेल? गुरांच्या त्या मोठ्या साथीपासून भारत मुक्त असल्याचे २००७ साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केले. पण या जंतूच्या इतर जाती शेळ्यांना आणि वासरांना आजही छळतात. तेव्हा उरलेसुरले इंजेक्शन आपल्या हाताने टोचू नका. आधी पशुवैद्यांना बोलवा. औषध देण्यापूर्वी नमुना घ्यायला सांगा आणि तो बर्फात ठेवून लवकर पोचवा. नमुना वाटेतच बिघडला, तर खुरपणी कितीही नेटकी केली तरी हाती काही लागत नाही.