दहाव्या क्रमांकाचे मोल

क्रीडास्पर्धांचा गौरवसमारंभ तीन पायऱ्यांच्या चबुतऱ्यावर होतो. त्या चबुतऱ्यावर चौथ्या खेळाडूस जागा नसते, मग दहाव्याची कथा काय? तालुका पातळीवरील एखाद्या शालेय शर्यतीत ५० मुले धावली, तर ४७ मुले पदकाविना घरी परततात. या ४७ मुलांनी पहाटे उठून केलेला सराव वाया गेला काय, हा प्रश्न पालक आणि शिक्षक यांच्यापुढे नेहमीच उभा राहतो. ग्रामपंचायतीकडे क्रीडांगणासाठी जागा वा निधी मागितला जातो, तेव्हा तो अधिकच तीव्र होतो. महाराष्ट्रातील काही खेळाडूंच्या वाटचालीकडे पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते.

पस्तीस अडथळ्यांची शर्यत

स्टीपलचेस ही ३,००० मीटर अंतराची अडथळ्यांची शर्यत आहे. धावपटूस वाटेत २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, तर महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. पाय लागताच कलंडणारा हा अडथळा नव्हे. तो भक्कम असतो आणि चूक झाल्यास धावपटूच खाली पडतो. ओल्या बुटांनी, दमलेल्या पायांनी आणि तरीही ठरावीक गतीने अखेरपर्यंत धावणे, हे या शर्यतीचे मर्म होय.

सातारा जिल्ह्यातील माण हा अवर्षणप्रवण तालुका. तेथील मोही गावच्या ललिता बाबर यांनी प्रथम लांब पल्ल्याच्या धावण्यात नाव मिळविले. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या सलग तीन वर्षे पहिल्या आल्या. त्यानंतर त्यांनी स्टीपलचेसकडे लक्ष वळविले. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत ९ मिनिटे ३५.३७ सेकंद वेळ नोंदवून त्यांनी कांस्यपदक मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्यांची वेळ होती ९ मिनिटे १९.७६ सेकंद. दोन वर्षांत त्यांनी पंधरा सेकंदांहून अधिक प्रगती केली होती. हा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम ठरला व तो २०२३ पर्यंत टिकला. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी ऑलिंपिकच्या धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी एका भारतीय महिलेने तेथे पुन्हा पाऊल ठेवले. अंतिम शर्यतीत ललिता बाबर यांचा क्रमांक दहावा आला. पुढे राज्य शासनाने त्यांची उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती केली.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. हाही भाग दुष्काळाशी परिचित. सैन्यात दाखल झाल्यानंतर ते स्टीपलचेसकडे वळले. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदविलेला राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित होता. तो साबळे यांनी २०१८ मध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंदांत मोडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्यांनी आणखी एक राष्ट्रीय विक्रम केला, तरीही त्यांची अंतिम फेरी हुकली. एका धावपटूने आयुष्यातील सर्वोत्तम वेळ द्यावी आणि तीही अपुरी पडावी, असा तो प्रसंग. परंतु सराव थांबला नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. २०२३ मध्ये ते आशियाई क्रीडास्पर्धेचे विजेते ठरले आणि २०२४ मध्ये त्यांनी आपली वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत खाली आणली. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्यांचा क्रमांक अकरावा होता.

मैदान काय शिकविते?

या वाटचालीतून पहिली गोष्ट दिसते ती मोजमापाची. क्रमांक हा इतरांच्या कामगिरीवरही अवलंबून असतो, वेळ मात्र स्वतःची असते. काल आपण कोठे होतो आणि आज कोठे आहोत, हे प्रामाणिकपणे मोजण्याची सवय खेळाडूस लागते. ही सवय शेती, शिक्षण वा कार्यालयीन कामकाज, कोठेही उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट शक्तीच्या नियोजनाची. पहिल्या फेरीत सर्व बळ खर्च करणारा धावपटू अखेरच्या अडथळ्यापाशी हतबल होतो. दीर्घ कामासाठी बळ राखून ठेवावे लागते, विश्रांती हाही सरावाचाच भाग असतो, हे शहाणपण पुस्तकापेक्षा मैदानावर लवकर उमगते.

तिसरी गोष्ट अपयशाचे कारण शोधण्याची. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लास गादीवरील कुस्ती नवी होती. नशिबाला बोल न लावता त्यांनी ती कला आत्मसात केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सहावा क्रमांक हा त्यांच्यासाठी शेवट नव्हता. काय उणे आहे, हे त्यातून कळले होते.

दुसरी बाजू

मात्र मैदानावर उतरलेला प्रत्येक जण आपोआप शहाणा होतो, असे समजणे योग्य नाही. केवळ पहिल्याचेच कौतुक होत असेल, तर उरलेली मुले पराभवाची लाज तेवढी शिकतात. दुखापत लपवून धावणे, पदकासाठी वय कमी सांगणे, सरावापायी शाळा सोडणे, हीही मैदानाचीच अपत्ये आहेत. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तथापि त्यासाठी विहित स्पर्धांतील कामगिरी आणि पदासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता, दोन्ही आवश्यक असतात. म्हणून अभ्यास सोडून खेळ, असा सल्ला कोणत्याही मुलास देणे हिताचे नाही. ज्यास पदक मिळणार नाही त्याच्या हाती शिक्षण असले पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल?

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. शाळेच्या आवारात वा गायरानात दगडगोटे काढून चुन्याने आखलेली धावपट्टी, एक स्टॉपवॉच आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ करता येतो. नोंदवहीत दर महिन्यास प्रत्येक मुलाची व मुलीची वेळ लिहावी. वार्षिक समारंभात पहिल्या तिघांबरोबरच वर्षभरात आपली वेळ सर्वाधिक सुधारणाऱ्यांचाही गौरव करावा. मुलींसाठी सरावाची वेळ व जागा सुरक्षित आहे ना, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष द्यावे. दुखणे सांगणाऱ्या मुलास भित्रा न ठरविता विश्रांती द्यावी, आणि सराव करणाऱ्या मुलांच्या शाळेतील हजेरीवर शिक्षकांनी नजर ठेवावी.

अशा नोंदवहीतील बहुतेक नावे ऑलिंपिकपर्यंत जाणार नाहीत. त्यांतील कोणी शेतकरी होईल, कोणी परिचारिका, कोणी तलाठी, तर कोणी शिक्षक. परंतु पडल्यावर उठून पुढच्या अडथळ्याकडे पाहण्याची सवय घेऊन ती मुले आपापल्या कामाला लागतील. गावाने मैदानासाठी राखून ठेवलेल्या जमिनीचे हे उत्पन्न कोणत्याही पदकतालिकेत दिसणार नाही. म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही.