शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार कोणाला?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढली, टाके सुकले, की घरची मंडळी निर्धास्त होतात. अशा वेळी डॉक्टरांनी 'आता लाइट द्यावी लागेल' असे सांगितले की दोन प्रश्न निघतात. 'रोग तर निघाला, मग हे कशाला?' हा एक. आणि 'शेजारच्या बाईला दिली नाही, मग हिलाच का?' हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर असे की, गाठ दिसते, पण तिच्याभोवती उरलेल्या रोगट पेशी दिसत नाहीत. त्यांचा नाश करण्यासाठी किरण द्यावयाचे. स्तन राखून केवळ गाठ काढली असेल तर किरणोपचार बहुधा घ्यावेच लागतात. 2011 साली 17 चाचण्यांतील 10,801 स्त्रियांची माहिती एकत्र पडताळण्यात आली. दहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण किरण न घेतलेल्यांत शेकडा 35, तर घेतलेल्यांत शेकडा 19 आढळले.

दुसऱ्याचे उत्तर असे की, रोग सर्वांचा सारखा नसतो. संपूर्ण स्तन काढल्यावरही काखेतील चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असेल, गाठ 5 सेंटीमीटरहून मोठी असेल, किंवा रोग कातडीपर्यंत गेला असेल, तर किरणोपचार सहसा सुचवितात. शस्त्रक्रियेपूर्वी औषधे देऊन गाठ लहान केली असल्यास मूळची स्थितीही विचारात घेतात. एक ते तीन ग्रंथींत रोग असल्यास निर्णय नाजूक असतो. मध्यम धोक्याच्या अशा स्त्रियांत छातीला किरण दिल्याने दहा वर्षांतील जगण्याचे प्रमाण वाढले नाही, असे 2025 साली प्रसिद्ध झालेल्या 'सुप्रेमो' चाचणीत दिसून आले. उलट, पासष्टी उलटलेली स्त्री, लहान गाठ, निर्मळ ग्रंथी आणि संप्रेरकविरोधी गोळ्या लागू पडणारा रोग असेल, तर स्तन राखूनही किरण टाळता येतात. त्याच जागी रोग उलटण्याचा धोका मात्र काहीसा वाढतो.

सारांश, हा निर्णय शेजारणीच्या अनुभवावरून नव्हे, तर काढलेल्या गाठीच्या तपासणी अहवालावरून होतो. तो कागद जपून ठेवावा आणि डॉक्टरांना विचारावे : गाठ केवढी? किती ग्रंथी तपासल्या, कितींत रोग निघाला? कापलेली कड निर्मळ आहे काय?

लांबच्या प्रवासाच्या भीतीनेही उपचार सोडू नयेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली निघाले. आज आपल्या हुबळीत नवनगर येथेही कर्करोगाचे रुग्णालय आहे. पूर्वी पाच आठवड्यांत 25 वेळा घ्यावे लागणारे किरण आता पुष्कळ जणींना तीन आठवड्यांत 15 वेळा पुरतात. जरूर असेल तर ते पूर्ण घ्यावेत. जरूर नसल्यास तसे डॉक्टरांच्या तोंडून ऐकूनच निश्चिंत व्हावे.