हिरवे ठिपके बघून लायब्ररी घेऊ नका

आज बोलूया डिपेन्डन्सीच्या तब्येतीबद्दल. नवीन लायब्ररी घ्यायची म्हटलं की आपण काय करतो? गिटहबवर स्टार्स बघतो, शेवटचा कमिट कधीचा ते बघतो. मागच्या आठवड्यातला? मग टाक प्रोजेक्टमध्ये. झालं!

या हिशोबाने २०२३ मध्ये एक्सझेड युटिल्सची तब्येत ठणठणीत होती. फाइल कॉम्प्रेस करणारं हे टूल जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. नियमित कमिट, नवीन रिलीज आणि धडाधड काम करणारा एक नवा मेंटेनर, जिया टॅन या नावाचा. त्याच खात्यावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० व्हर्जनमध्ये बॅकडोअर आला. पकडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने जाहीर केलं.

आता गंमत बघा. बॅकडोअर सुरू करणारा बिल्ड स्क्रिप्टचा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होता. म्हणजे रेपो वाचूनही तो दिसला नसता. पण एक गोष्ट उघड दिसत होती. मूळ मेंटेनर लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा, बिनपगारी काम करत होता. २०२२ मध्ये त्याने स्वतःच्या मानसिक त्रासाबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं, आणि त्याच वेळी काही खाती 'दुसऱ्या कुणाकडे तरी दे' म्हणून त्याच्या मागे लागली होती.

म्हणून मी आधी माणसं बघतो. इनसाइट्समध्ये काँट्रिब्युटर्स उघडा: गेल्या वर्षभरात खरं काम किती जणांनी केलं? रिलीज काढायचा हक्क कुणाकडे, तो अलीकडे बदलला का? मग बंद झालेले दहाएक इश्यू वाचा. उत्तरं कोण देतं, वैतागून देतं का, हे लगेच कळतं. ओपनएसएसएफचं स्कोअरकार्ड १० पैकी गुण देतं. ते जरूर चालवा, पण त्यातला 'मेंटेन्ड' हा निकष मुख्यतः शेवटच्या ९० दिवसांची हालचाल मोजतो. हालचाल तर एक्सझेडमध्येही होतीच की!

उलटंही होतं हं. तीन वर्षं कमिट नसलेली छोटीशी लायब्ररी मेलेली असेलच असं नाही, तिचं काम कदाचित संपलेलं असेल. तिथे एवढंच बघा की सिक्युरिटीचा एखादा इश्यू उत्तराविना पडून आहे का. असेल, आणि कोड शंभरेक ओळींचाच असेल, तर लायसन्स तपासून सरळ फोर्क करा आणि स्वतः सांभाळा.