तीस मिलिमीटर खाली

सकाळी ६.१५

पंपावर टाकी तोंडापर्यंत भरून घेतली. गाडी १९८४ ची पोर्शे ९११ कॅरेरा. इंजिन मागे, टाकी पुढच्या डिकीखाली. टाकीत ८० लिटरच्या आसपास पेट्रोल मावते, त्याचे वजन साठेक किलो, आणि ते जवळजवळ सगळे पुढच्या चाकांवर येते. अर्ध्या टाकीवर लावलेली उंची टाकी भरल्यावर खरी राहत नाही. म्हणून कारखान्याची अटच आहे: टाकी भरलेली, जादा चाक जागेवर, आत माणूस नाही. टायर गार होते तोवर हवाही पाहिली, पुढे २९, मागे ३४.

सॅन होजेत शनिवारी या वेळी रस्ते मोकळे असतात. घरी आलो तर सासरे, म्हणजे आमचे बाबा, गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभेच होते. कोल्हापूरच्या एका सरकारी मोटार गॅरेजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. सध्या मुक्काम आमच्याकडे आहे. त्यांच्यासारखा माणूस हाताशी असताना हे काम काढायचे, असे मी आधीपासून ठरवले होते.

सकाळी ७

"जावईबापू, गाडीचं नंतर. आधी जमीन सरळ हाय का ते बघा."

नव्हतीच. इकडच्या गॅरेजचा कोबा पाणी बाहेर जावे म्हणून दाराकडे मुद्दाम उतरता घालतात. बाबांनी पारदर्शक नळी मागवली, तिच्यात पाणी भरले आणि गवंडी चौथऱ्याची पातळी काढतात तशी चारही चाकांच्या जागांची पातळी काढली. पुढची डावी जागा सर्वांत खाली निघाली. फरशीला लावायच्या व्हिनाइलच्या पातळ टाइल्स घरात उरल्या होत्या. त्यांच्या चवडी रचून चारही जागा एका पातळीत आणल्या. पुढच्या चवडींत वरच्या दोन टाइल्सच्या मध्ये ग्रीस चोपडले, म्हणजे चाक आडवे सरकायचे असेल तर सरकेल. सगळ्या जागांभोवती खडूने चौकटी आखल्या. दिवसभर गाडी पुन्हा पुन्हा याच चौकटींत आणून उभी करायची होती.

या कामाला तास गेला. माझ्या मते दिवसभरातला सर्वांत महत्त्वाचा तास हाच. जमीन पाच मिलिमीटरने खोटी असेल तर पुढची सगळी मापे खोटी ठरतात.

सकाळी ८.१५

आता माप. ९११ चे हौशी लोक बहुतेक वेळा मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरतात. पुढे साडेपंचवीस इंच, मागे पंचवीस, ही युरोपातली उंची, असे तोंडी चालत आलेले गणित आहे. अंदाजाला ते ठीक आहे. पण चाळीस वर्षांच्या गाडीचे मडगार्ड कधी ठोकून सरळ केलेले असते, कधी बदललेले असते. त्याच्या कडेवर विसंबून चाकांची भूमिती लावणे मला पटत नाही.

कारखान्याची पद्धत वेगळी आहे. चाकाच्या मध्याची जमिनीपासून उंची घ्यायची, स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईच्या, म्हणजे टॉर्शन बारच्या, मध्याची घ्यायची आणि वजाबाकी करायची. पुढे हा फरक १०८ मिलिमीटर हवा, पाच इकडे किंवा पाच तिकडे. डाव्या-उजव्यातही पाचापेक्षा जास्त अंतर नको. टायर कोणता आहे, मडगार्ड कसे आहे, याच्याशी या मापाचा संबंध नाही. सस्पेन्शनचा हात कोणत्या कोनात उभा आहे, एवढेच ते सांगते. आणि आपल्याला तेच हवे असते.

डावीकडे चाकाचा मध्य ३०३, बारचा २२५. फरक ७८. उजवीकडे ३०२ आणि २१९, म्हणजे ८३. गाडी उतरली की बार खाली येतो आणि फरक वाढतो, म्हणजे नाक डावीकडे तीस आणि उजवीकडे पंचवीस मिलिमीटर उतरायला हवे.

मुळात ते एवढे वर का? १९७० च्या दशकात अमेरिकेने बंपरचे कडक नियम आणले. १९७४ च्या मॉडेलपासून ९११ ला ते घडीच्या रबराचे मोठे बंपर आले ते त्याच नियमांसाठी, आणि इकडे येणाऱ्या गाड्या युरोपातल्यांपेक्षा उंच ठेवल्या जात. पोर्शेच्या इंजिनिअरांनी चाकाचा जो कोन, स्टिअरिंगची जी रेषा आखली, ती या उंचीसाठी आखली नव्हती. माझ्या गाडीची मागची बाजू मी आधीच एका वर्कशॉपमधून बसवून घेतली आहे. तिथले काम घरी करण्यासारखे नसते. मागच्या बारला आतल्या टोकाला ४० दाते असतात आणि बाहेरच्या टोकाला ४४. दोन्ही टोके उलटसुलट एकेक दाता सरकवून पाऊण अंशाहून जरासा जास्त फरक साधायचा असतो. पुढचे काम मात्र एका स्क्रूचे आहे.

सकाळी ९.३०

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पुढची बाजू जॅकवर. लगेच दोन घोड्या खाली, आणि गाडी घोड्यांवर टेकवली. "जॅक उचलायला असतो, धरायला नसतो," असे म्हणत बाबांनी गाडीला दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहिले. पुढची चाके काढली, ती दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवली, आणि मगच मला खाली जाऊ दिले.

पाना लावण्याआधी सगळे तपासून घेतले. बॉल जॉइंटच्या रबरी टोप्या शाबूत, टाय रॉडची घडीची रबरे कोरडी, ब्रेकचे होज न तडकलेले. हाताचे मागचे बुश एका कडेला थोडे चिरले आहे, पण लोखंड लोखंडाला लागत नाही. यातले काही फाटलेले निघाले असते तर उंचीचे काम आजच्यापुरते थांबवले असते. झिजलेल्या जॉइंटवर लावलेली भूमिती टिकत नाही.

बाबांनी हातबत्ती घेऊन टॉर्शन बार कुठून कुठे जातो ते पाहिले आणि ते खुलले. "हे तर अॅम्बॅसडरचंच की!"

खरे आहे. अॅम्बॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्याही पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नव्हती, लांबीच्या दिशेने बसवलेले टॉर्शन बार होते. पोलादाची सळई एका टोकाला घट्ट धरायची, दुसऱ्या टोकाला चाकाचा हात जोडायचा. चाक वर गेले की सळई पिळते आणि परत उलगडायला बघते. फर्डिनांड पोर्शे यांच्या स्टुटगार्टच्या कचेरीने या रचनेचे पेटंट १९३१ मध्ये घेतले. बीटलमध्ये ती आली आणि ९११ मध्ये १९८९ पर्यंत राहिली. माझ्या गाडीतला पुढचा बार १८.८ मिलिमीटर जाडीचा आहे आणि तो हाताच्या नळीच्या आतच दडलेला असतो. बारवर डावा-उजवा असा शिक्का असतो, कारण कारखान्यातच त्याला एका दिशेने पीळ देऊन मुरवलेले असते. "आमच्याकडं नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो," बाबा म्हणाले. "बार काढला की खूण. डाव्याचा उजव्याला गेला तर महिन्यात परत येणार गाडी."

सकाळी १०.४५

बारच्या मागच्या टोकाला एक छोटा लिव्हर असतो आणि त्या लिव्हरला रेटणारा स्क्रू. डोके ११ मिलिमीटरचे. रात्रीच तिथे गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. सकाळी तारेच्या ब्रशने दिसणारे आटे साफ केले. चाके लोंबकळत असल्यामुळे बारवर गाडीचे वजन नव्हते. वजन असताना स्क्रू रेटला तर आटे खरवडतात, म्हणून एवढी उठाठेव.

स्क्रू उलटा फिरवला की गाडी उतरते. डावा आणि उजवा सारखाच फिरवत गेलो, पान्याचा एकेक फेरा. आधी किती आटे बाहेर दिसत होते ते कॅलिपरने मोजून भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिले होते. काही बिनसलेच तर मूळ जागी परतता यावे.

या पद्धतीबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे. बारचा कडकपणा ठरतो त्याच्या जाडीवर आणि लांबीवर. स्क्रू फिरवल्याने त्यात तसूभर फरक पडत नाही, फक्त सुरुवातीची जागा बदलते. कॉइल स्प्रिंगची गाडी खाली करायला पुण्या-मुंबईत आणि इथेही मुले स्प्रिंगची वेटोळी ग्राइंडरने कापतात. कापलेली स्प्रिंग अधिक कडक होते, बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की जागा सोडते. ती वाट मी कोणालाही सांगणार नाही. कडकपणा वाढवायचाच असेल तर जाड बार मिळतात, पण तोही विचारपूर्वक करायचा बदल आहे. जाडीच्या चौथ्या घाताने कडकपणा वाढतो, त्यामुळे १८.८ च्या जागी २१ चा बार टाकला तर तो दीडपटीहून जास्त कडक होतो.

दुपारी १२

चाके लावली. अॅल्युमिनियमचे नट, टॉर्क रेंचवर १३० न्यूटन मीटर, समोरासमोरचे आलटून पालटून. गाडी खाली घेतली. नुसती खाली घेतलेली गाडी खरी उंची दाखवत नाही. लोंबकळताना चाके आत ओढलेली असतात, टेकल्यावर टायर जमिनीला चिकटून त्यांना बाहेर सरकू देत नाही, आणि नाक उगाच उंच राहते. गाडी रस्त्यापर्यंत ढकलत नेली, परत आणली, पुढच्या बंपरवर दोघांनी भार देऊन दाबली, सोडली. मग खडूच्या चौकटीत उभी करून माप घेतले.

डावीकडे ९७, उजवीकडे १०३. आणखी उतरवायला वाव आहे.

दुपारी १

पिठले-भाकरी. जेवताना बाबांनी शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, जमिनीला घासेल इतक्या खालच्या जुन्या शेव्हरलेटबद्दल विचारले. हे शहरच त्या गाड्यांचे आहे. मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत लोरायडर गाड्यांची परंपरा मोठी, आणि 'लोरायडर' मासिक १९७७ मध्ये सॅन होजेतच निघाले. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये, असा कॅलिफोर्नियाचा कायदा १९५८ पासून होता. तो या लोकांना अडवायला वापरला जातो अशी त्यांची तक्रार होती. २०२४ च्या सुरुवातीपासून ते बंधन उठले. त्या गाड्या उतरवतात त्या दिसण्यासाठी, मिरवणुकीसाठी, आणि त्या कलेबद्दल मला आदर आहे. माझे कारण दुसरे आहे, म्हणून माझी थांबण्याची जागाही दुसरी.

दुपारी २

दुसरी फेरी. पुन्हा जॅक, पुन्हा घोड्या. आता दोन्ही बाजू सारख्या फिरवून चालणार नव्हते, डावीला जास्त सोडायचे होते. इथे हात आवरावा लागतो. पुढच्या एका स्क्रूला सैल केले की नुसते ते टोक उतरत नाही. त्या चाकावरचे आणि कर्णावरच्या मागच्या चाकावरचे वजन घटते, उरलेल्या दोन चाकांवर वाढते. उंची मिलिमीटरला मिलिमीटर जुळवण्याच्या नादात गाडी कर्णावर वाकडी उभी राहू शकते आणि ब्रेक मारल्यावर एक चाक आधी घसरते. म्हणून डाव्या-उजव्यात दोन-तीन मिलिमीटर राहिले तर राहू द्यायचे. वजनाचा अखेरचा निवाडा चार काट्यांवरच होईल.

"अजून थोडं खाली घेऊ या का? दिसायला झ्याक दिसंल," बाबांनी विचारले.

नाही. फरक १०८ च्या पुढे गेला की हात बाहेरच्या टोकाला वर चढायला लागतो. टाय रॉडही आपली रेषा सोडतो. मग खड्ड्यात चाक वर गेले की स्टिअरिंग न हलवता ते स्वतःच वळते. शॉकचा प्रवास कमी उरतो आणि गाडी रबरी स्टॉपरवर आदळायला लागते. शर्यतीच्या ९११ गाड्या याहून पुष्कळ खाली असत, पण त्यांच्यात चाकाचा दांडाच शॉकच्या नळीवर वर सरकवून बसवलेला असे. गाडी खाली येई आणि हातांचे कोन मात्र जागेवर राहत. नुसता स्क्रू सोडून तो परिणाम मिळत नाही. बाबांना मी भिंतीवरच्या कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या. "बरोबर हाय," ते म्हणाले, आणि स्वतः कॅलिपर हातात घेतला.

दुपारी ४

गाडी ढकलली, दाबली, चौकटीत आणली. डावीकडे १०६, उजवीकडे १०८. पाना खाली ठेवला.

आता नाक उतरल्याचे परिणाम. दोन चाकांमधले अंतर २,२७२ मिलिमीटर आणि पुढे सरासरी २६-२७ मिलिमीटरचा उतार, म्हणजे साधारण दोन तृतीयांश अंश. गाडी तेवढी पुढे झुकली, तेवढाच कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, कमी झाला. मूळचा सहा अंशांच्या आसपास असतो, तो दुरुस्त करावा लागेल. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आत झुकला; टो, म्हणजे चाकांची समोर बघण्याची दिशा, सरकला. दिव्यांचा झोतही उतरला, दहा मीटरवर सुमारे बारा सेंटीमीटर. तो मात्र आजच भिंतीवर खुणा करून वर घेतला, कारण रात्री समोरचा रस्ता नीट न दिसणे परवडणारे नाही. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, टायर कुठे लागत नाही ते बोटे घालून पाहिले.

संध्याकाळी ५.३०

घरामागच्या गल्ल्यांतून सावकाश फेरी, बाबा शेजारी. स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावे लागते आणि ते टोचे काम आहे. पण नाकाची उचंबळ कमी झाली. स्पीड ब्रेकरवर पुढचा भाग पूर्वी दोनदा डोलायचा, आता एकदाच बसतो. अलाइनमेंट होईपर्यंत फ्रीवेवर न्यायची नाही. चुकीच्या टोने टायरची आतली कड भराभर खाल्ली जाते.

परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा १३० वर तपासले. मग सोमवारच्या अलाइनमेंटसाठी कागद तयार केला: आधीची मापे, आताची मापे, टायरची हवा, टाकी भरलेली, आणि ठळक अक्षरात, "उंची बदलू नये, आधी चारही चाकांची वजने घ्यावीत, मग कॅस्टर, कॅम्बर, शेवटी टो." बाबांनी त्याखाली चिरलेल्या बुशची नोंद घालायला लावली. रात्रभरात बार आणि रबरे आणखी एक-दोन मिलिमीटर बसतात, तेव्हा उद्या सकाळी टायर गार असताना पुन्हा मोजायचे आणि तेच आकडे कागदावर न्यायचे.